मुरबाडहून सुटणारी पहिली गाडी

आमच्या मुरबाडात स्टेशन नाही, पण स्टेशनरी आहे. ती माझी. वडिलांनी बाजारपेठेत दुकान काढलं तेव्हा पाटी रंगवणाऱ्या पेंटरचा जागेचा अंदाज चुकला आणि त्याने 'स्टेशन' वरच्या ओळीत आणि 'री' खालच्या ओळीत लिहिलं. तेव्हापासून वर्षाकाठी एखादा तरी परगावचा माणूस दोन्ही हातांत बॅगा घेऊन घामाघूम होत दुकानात शिरतो आणि कल्याणची गाडी किती वाजता म्हणून विचारतो. मी त्याला पाणी देतो, एसटी स्टँडचा रस्ता दाखवतो आणि जाता जाता एक पेन विकतो. आमच्या गावाचा रेल्वेशी आजवर आलेला संबंध एवढाच.

माझा संबंध मात्र थोडा जास्त आहे, कारण मी लग्न वाशिंदच्या मुलीशी केलं. वाशिंद शहापूर तालुक्यात. शहापूर आणि मुरबाड हे सख्खे शेजारी तालुके, पण एकाच्या पोटातून मुंबई-नाशिकचा लोहमार्ग गेला आणि दुसऱ्याच्या नशिबी एसटी आली. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, पुढल्या वर्षी ती कल्याणला आली, त्याच्या पुढल्या वर्षी म्हणजे १८५५ च्या ऑक्टोबरात वाशिंदला, १८६० मध्ये आसनगावला, १८६१ मध्ये कसाऱ्याला आणि थळ घाट चढून १८६५ साली इगतपुरीला. हे मी कुठल्या पुस्तकातून सांगत नाही. ही माझ्या बायकोची वंशावळ आहे. घरात भाजीत मीठ कमी पडल्यापासून मुलाला गणितात कमी मार्क पडल्यापर्यंत कुठलाही वाद निघाला की तो शेवटी एकाच वाक्यावर येऊन थांबतो, "आमच्याकडे गाडी १८५५ साली आली." म्हणजे सत्तावन्नचं बंड व्हायच्या आधी माझ्या सासुरवाडीला रेल्वे होती, आणि आम्ही अजून कल्याणला जायचं तर शेवटच्या सीटवर उड्या मारत जातो. यावर काय बोलणार? मी मीठ मागून घेतो.

तर अशा या घरात मागच्या दिवाळीनंतर भाच्याचा न्यूझीलंडहून व्हिडिओ कॉल आला. तो मोबाइल हातात धरून सायकल चालवत होता आणि मागे नुसतं पिवळं गवत आणि निळं आकाश दिसत होतं. "मामा, ही रेल ट्रेल," तो म्हणाला. मला वाटलं कुठल्या गाडीच्या मागे ट्रेलर लावलाय. मग त्याने समजावून सांगितलं. तिकडे क्लाइड ते मिडलमार्च अशी जुनी रेल्वे होती, १९९० साली ती बंद पडली. लोकांनी रूळ उचलले, खडी सपाट केली आणि २००० साली त्याच वाटेवर सुमारे दीडशे किलोमीटरचा सायकलमार्ग सुरू झाला. लोक चार-पाच दिवस काढून तो रमतगमत पुरा करतात, वाटेतल्या गावांत मुक्काम करतात, जुन्या बोगद्यांतून आणि पुलांवरून जातात. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये एलरॉय ते स्पार्टा असा तीन बोगद्यांचा मार्ग तर साठच्या दशकापासून आहे म्हणे.

"पण चढ असतील की," मी म्हटलं. माझं वय छप्पन आणि पोटाचा घेर त्याच्याहून जास्त नसला तरी बरोबरीला आहे.

"तीच तर गंमत, मामा. गाडीला चढ आवडत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं. म्हणून इंजिनियर लोक डोंगराला वळसा घालतात, दरीत भराव टाकतात, टेकडी आली की मधून कापून काढतात. शंभर फुटांत एखाद-दुसरा फूट चढायचं, बस. रूळ उचलले की जो रस्ता उरतो तो म्हाताऱ्या माणसालासुद्धा झेपतो."

'म्हाताऱ्या माणसालासुद्धा' म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच रात्री ठरवलं.

एकच अडचण होती. रेल ट्रेलला आधी रेल लागते.

मी शोध सुरू केला. महाराष्ट्रात बंद पडलेल्या गाड्या नाहीत असं नाही. विदर्भात अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला आहे, पण ती पुन्हा सुरू करा म्हणून तिथले लोक कधीपासून मागणी करताहेत, त्यांच्या समोर मी सायकल घेऊन 'छान झालं हो बंद पडली ते' अशा चेहऱ्याने उभा राहिलो तर यवतमाळ काही मला जिवंत दिसणार नाही. कुर्डुवाडी-बार्शीची १८९७ ची छोटी लाइन होती, तर तिची आता मोठी लाइन झाली. आणि मुरबाडहून तिथवर जायलाच दोन दिवस. तेव्हा दुपारी दुकानात माशा मारताना मला तो विचार सुचला, ज्याचं खापर मी आजही उकाड्यावर फोडतो, जरी तेव्हा डिसेंबर होता. कल्याण-मुरबाड रेल्वे होणार आहेच. सुमारे अठ्ठावीस किलोमीटर. २०२३ साली राज्य सरकारने निम्मा खर्च उचलायची तयारीही दाखवली. स्टेशनांची नावंसुद्धा पेपरात छापून आलीत: कांबा रोड, आपटी, मामणोली, पोटगाव, मुरबाड. जगभर आधी गाडी येते, मग गाडी जाते, मग सायकली येतात. आपण पहिल्या दोन पायऱ्या गाळू. उद्या गाडी आली, परवा बंद पडली आणि तेरवा लोक सायकली घेऊन आले, तर त्यांना सांगता येईल की या मार्गावरून पहिला सायकलस्वार गाडीच्याही आधी गेला होता.

हे मी बायकोला सांगितलं. ती वाल सोलत होती. तिने एक वाल सोलला, डाळ एका बाजूला आणि साल दुसऱ्या बाजूला ठेवली आणि म्हणाली, "म्हणजे नसलेल्या गाडीच्या नसलेल्या रुळांवरून तुम्ही जाणार. सायकल तरी आहे का?"

सायकल होती. पण आधी योजना.

योजना करण्यात मी पटाईत आहे, कारण योजनेत चढ नसतात. तीन दिवसांचा त्रिकोण आखला. पहिल्या दिवशी मुरबाड ते टिटवाळा, होऊ घातलेल्या मार्गाला धरून, गणपतीचं दर्शन आणि मुक्काम. दुसऱ्या दिवशी टिटवाळा, खडवली, वाशिंद, खऱ्या रेल्वेच्या शेजारून, दुपारचं जेवण सासुरवाडीला आणि मुक्काम आसनगावला. तिसऱ्या दिवशी शहापूर, किन्हवली, सरळगाव करत घरी. कसारा घाटाचाही विचार मनात आला होता, पण तिथला चढ सदतिसास एक आहे आणि गाडीलासुद्धा मागून जादा इंजिनं लावून ढकलावं लागतं असं वाचलं. मला मागून ढकलायला घरात कुणी तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवसाचा बेत मी मेहुण्याला कळवला. हा माझा मेहुणा रेल्वेत आहे आणि त्यामुळे माझ्या घरात त्याला मी सोडून सगळे मान देतात. मी म्हटलं, रुळांच्या कडेने ती पायवाट असते ना, तिच्यावरून सायकल घालतो. तो फोनवर बराच वेळ गप्प राहिला. "भावजी, रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरलं की कलम १४७ लागतं. सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर हजार रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. तुमची तीन दिवसांची सहल सहा महिन्यांची होईल, राहण्याजेवणासकट." मग मी रुळांपासून आदराने दूर, गावातल्या डांबरी रस्त्याने जायचं ठरवलं. नकाशावर तो रस्ता बोटभर लांब होता. बोट माझंच होतं, त्यामुळे अंदाजही माझाच.

मग वेळापत्रक. लहानपणी वाशिंदकडच्या पोरांना गाड्या पाहायला मिळायच्या आणि आम्हाला दिवाळीत मामाने आणलेलं रेल्वेचं जुनं वेळापत्रक. मी ते गोष्टीच्या पुस्तकासारखं वाचायचो. त्यामुळे लांब वहीत रेघा मारून 'येणार' आणि 'सुटणार' असे दोन रकाने आखायला बसलो तेव्हा जन्मभराची हौस फिटली. मुरबाड, सुटणार ६.००. पोटगाव, येणार ६.४०, सुटणार ६.४२. प्रत्येक स्टेशनाला दोन मिनिटांचा थांबा, मामणोलीला चहासाठी दहा. वेग ताशी पंधरा किलोमीटर धरला, कारण भाच्याचा वीस होता आणि मी नम्र माणूस आहे. तिसऱ्या दिवशीची परत येण्याची वेळ, सायंकाळी ५.२५, अशी अगदी मिनिटापर्यंत काढली. बायकोने वेळापत्रक वाचलं आणि म्हणाली, "यात उशीर धरलेला नाही. म्हणजे ही रेल्वे नव्हे."

सायकल वडिलांची. काळी, चोवीस इंची, पूर्ण चेनकव्हरवाली, बैलाच्या जूसारखं जड हँडल आणि खाली दोन स्प्रिंगांची सीट. ती माळ्यावर होती. ती खाली काढताना माळ्यावरून आणखी काय काय खाली आलं ते सांगत नाही, पण आमचा जुना पाळणा, फुटका कंदील आणि पत्र्याचा डबा हे माझ्याआधी जमिनीवर पोचले. सायकलवाल्याने चाक फिरवून पाहिलं. ते फुगडी घातल्यासारखं डुलत फिरलं. "काका, आउट काढायला लागंल."

"आउट म्हणजे?"

त्याने आधी चाकाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "तुमच्यासारखं. उभं हाय, पण सरळ नाय."

दोन टायर, दोन ट्यूब, ब्रेकचे रबर, नवी चेन आणि आउट काढण्याची मजुरी मिळून जे बिल झालं त्यात मुरबाड ते टिटवाळा एसटीने कितीतरी फेऱ्या झाल्या असत्या. "कुठं निघालात?" म्हणून त्याने विचारलं तेव्हा मी रेल ट्रेल म्हटलं. त्याने मागच्या कॅरियरला हात लावून विचारलं, "ट्रेलर लावू का? वेल्डिंग करून देतो." मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटली. माझ्या डोक्यातही पहिल्यांदा तेच आलं होतं.

चाकांच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्या दुकानात मिळत नव्हत्या, म्हणून ताडपत्री घेऊन शिंप्याकडे गेलो आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. तो चित्र बराच वेळ उलटंसुलटं करत राहिला आणि म्हणाला, "उंटाचं आहे का?" तरी त्याने शिवलं. घाईत त्याची मोजायची पिवळी फीत एका पिशवीतच राहिली, हे ना त्याला कळलं ना मला. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

बाकी सामानाची यादी दोन पानी झाली. बेसनाचे लाडू चौदा, लसणाची चटणी, मेतकूट, कढीपत्त्याचं तेल (केसांना), टायगर बाम (गुडघ्यांना), दोन पंचे, तीन बनियन, टॉर्च, पंप, पंक्चरचं सोल्युशन, कानस, आणि आमच्याच दुकानातली लाल कापडी पाठीची लांब वही, चढ-उतारांची नोंद करायला. भाच्याने मागे आणलेलं पिवळंधमक चमकणारं जाकीट घातलं. मुलाचं नारिंगी हेल्मेट डोक्यावर चढवलं. महामार्गावर ट्रकवाल्यांना दिसावं म्हणून बांबूच्या काठीला ओटीत आलेला लाल ब्लाउजपीस बांधून ती काठी कॅरियरला उभी केली. आरशात पाहिलं तेव्हा मला मी न्यूझीलंडचा वाटलो.

सुटण्याची वेळ ६.०० होती. शेजारच्या काकूंनी दही-साखर हातावर ठेवायला घेतली तेव्हा दही लागलेलं नव्हतं, ते लागेपर्यंत थांबलो. मग पुतण्याला फोटो काढायचा होता. मग वेळापत्रक घरातच राहिलं म्हणून परत आलो. मुरबाडची पहिली गाडी ७.५० ला सुटली.

पहिला तास सुखाचा गेला. भाताची खाचरं रिकामी होती, काही ठिकाणी वालाची हिरवी रोपं वर आली होती, दवाने गवत ओलं होतं आणि माझं जाकीट त्यात काजव्यासारखं चमकत होतं. ट्रक खरोखरच लांबून वळसा घालून जात होते. चढ लागला की मी उतरून वहीत 'चढ' लिहायचो, कारण चालत वर जायला काहीतरी कारण हवं. उतार लागला की 'उतार' लिहायला थांबायचो, कारण ब्रेकवर माझा विश्वास नव्हता. असाच पोटगावजवळच्या एका वळणावर थांबून वहीत काहीतरी टिपत असताना मागून आवाज आला.

"साहेब, इकडून जाणार का?"

मी वळून पाहिलं. तीन माणसं होती. मला वाटलं ते माझ्याबद्दल विचारताहेत. "हो," मी म्हटलं, "इकडूनच जाणार. पोटगाव, मामणोली करत कल्याणकडे."

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण धावत पाड्यावर गेला.

पिवळं जाकीट, नारिंगी टोपी, लाल झेंडी आणि सरकारी दिसणारी लाल वही. यात कुठली गोष्ट चुकीची होती, हे मला पुढल्या पाच मिनिटांत कळलं, कारण तोवर माझ्याभोवती वीसेक माणसं जमली होती आणि एकाने माझ्या हातात सात-बाराचा उतारा दिला होता. मी घाईघाईने सांगितलं की मी रेल्वेचा नाही, माझं मुरबाडात स्टेशनरीचं दुकान आहे. एक म्हातारे मान डोलावून म्हणाले, "बरोबर. तसंच सांगणार. ह्यांना वरून बोलायची बंदी असते." मी खिशातून रुमाल काढायला गेलो, तर ओळखपत्र दाखवतोय म्हणून सगळे पुढे सरकले. पिशवीतून लाडवांचा डबा काढायला गेलो तर डब्याच्या आधी शिंप्याची पिवळी फीत बाहेर पडली आणि रस्त्यावर उलगडत गेली.

सगळे गप्प झाले.

"मोजणी एवढ्याशा टेपनं?" एका तरुणाने शंका काढली. त्याला दुसऱ्याने लगेच गप्प केलं. "खरी मोजणी सॅटेलाइटवरनं होती रे. हे नुसतं दाखवायला."

त्यानंतर जे झालं ते मी थांबवू शकलो असतो असं बायको म्हणते. तिला मी ओळखतो, ती थांबवू शकली असती. मला 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून तर माझ्या दुकानात उधारीची वही सगळ्यात जाड आहे. चहा आला, तो मी घेतला. दुसऱ्या घरचा आला, तोही घेतला, कारण पहिल्यांचा घेतला आणि यांचा नाही असं झालं असतं. मग दोन चुलत भाऊ आले. एकाला गाडी आपल्या खाचरातून जायला हवी होती, कारण दर चौपट मिळतो म्हणे. दुसऱ्याला ती भावाच्या खाचरातून जायला नको होती, कारण तेच. दोघांनी मला बांधापर्यंत नेलं, आणि मी बांधावर उभा राहून, वही उघडून, काय लिहावं ते न सुचून 'बांध' असं लिहिलं. दोघेही समाधानाने परतले. एकाने विचारलं, फाटक असणार की भुयार. एका आईने विचारलं, पोराला कॉलेजला जायला सकाळी सातची गाडी मिळेल का. एका पोराने विचारलं, गाडीत एसी असणार का. सगळं मी लिहून घेतलं. शाळेत गुरुजी शुद्धलेखन सांगायचे तेव्हाही मी इतक्या मन लावून लिहिलं नव्हतं.

बारा वाजता तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि भाजलेली सुकट ताटात आली. माझ्या वेळापत्रकाप्रमाणे मी तेव्हा टिटवाळ्यात जेवून वामकुक्षी घेत असायला हवा होतो. वामकुक्षी मात्र वेळेवर झाली. पडवीत.

जाग आली तेव्हा पायाशी एक आज्जी बसली होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत ओढलेली, एका गुडघ्यावर तेल चोळत. मी धडपडत उठलो. ती म्हणाली, "बस रे बाबा. दमलास." मग तिने सांगितलं की ती लग्न होऊन इथे आली तेव्हा सासरा म्हणाला होता, पोर चालायला लागंस्तवर गाडी येते बघ. पोर चाललं. पोराचं पोर आता मोटारसायकलवर कल्याणला कामाला जातं. "आता तू आलास म्हंजे येनार."

मी तिलाही सांगायचा प्रयत्न केला. "आज्जी, मी रेल्वेचा नाही. मी नुसता सायकल फिरवतोय."

"असूं दे. लिव." तिने वहीकडे बोट केलं. "गाडी हितं थांबली ना, का एक मिनिट जास्ती थांबव. माझा गुडघा पायरी पटकन चढत नाय."

मी लिहिलं. पोटगाव, एक मिनिट जास्त.

तिने उठताना ओंजळभर वालाच्या शेंगा पिशवीत टाकल्या. मी नको म्हणालो नाही. तुम्हाला माहीतच आहे.

निघालो तेव्हा साडेचार वाजले होते. मुरबाडपासून किती आलो याचा हिशेब करायला मी घाबरत होतो, पण वहीत पानं अकरा भरली होती. पाचव्या मिनिटाला चेन उतरली. दहाव्याला पुन्हा. पंधराव्या मिनिटाला मागचं चाक फुस्स झालं, तेव्हा मी पंप, सोल्युशन आणि कानस काढली, रस्त्याकडेच्या घरातून घमेलंभर पाणी मागून आणलं, ट्यूब त्यात बुडवली आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहू लागलो. ते सगळीकडून येत होते. नवीन ट्यूब होती, पण मी टायर काढताना पान्याऐवजी जेवणाचा चमचा वापरला होता आणि त्याने तिला चार ठिकाणी वेगवेगळे चावे घेतले होते. घरातली मुलगी म्हणाली, "काका, ही ट्यूब नाही, ही चाळण आहे."

शेवटी गवताच्या भाऱ्यांनी लादलेला एक टेम्पो थांबला. भाऱ्यांवर सायकल चढवली गेली, सायकलच्या मागे मी, माझ्या मागे लाल झेंडी. गोवेलीवरून टिटवाळ्याला उतरलो तेव्हा दिवे लागले होते. महागणपतीच्या देवळाकडे तोंड करून रस्त्यावरूनच हात जोडले. विघ्नहर्ता म्हणतात त्याला, पण विघ्न स्वतःच कॅरियरला झेंडी बांधून निघालं असेल तर तो तरी काय करणार? गावात त्या वेळी सायकलवाला उघडा नव्हता. माझ्या वेळापत्रकात मुक्कामाची जागा 'टिटवाळा' एवढीच लिहिली होती, कुठे ते लिहायचं राहिलं होतं. मग मी एकच गोष्ट केली, जी मुरबाडचा माणूस अशा वेळी करतो. बायकोला फोन लावला.

ती हसली नाही. तेच भयंकर होतं. "स्टेशन समोर आहे ना? कसारा लोकल पकडा. दोनच स्टेशनं. मी आईला सांगते ताट वाढायला."

फलाटावर लगेजच्या डब्यापुढे मी सायकल घेऊन उभा राहिलो. शेजारी रिकाम्या टोपल्या घेतलेल्या भाजीवाल्या होत्या. त्यांनी माझ्या झेंडीकडे पाहिलं आणि एक म्हणाली, "दादा, ती आत घे. गाडी थांबवशील." गाडी आली, थांबली, आणि मी पुढचं चाक आत घालतो तोवर मागचं चाक खांबात अडकलं, हँडल दाराच्या दांड्यात अडकलं आणि मी दोहोंच्या मध्ये. लोकल थांबते ती अर्धं मिनिट. ते अर्धं मिनिट किती आखूड असतं ते रोज चढणाऱ्यांना ठाऊक असतं, वेळापत्रक वाचून मोठ्या झालेल्या माणसाला नसतं. कसं तरी सायकल आत गेली, गाडी हलली, आणि एका भाजीवालीने माझं पिवळं जाकीट मागून मुठीत धरून मला पोत्यासारखं आत ओढलं. मी तिचे आभार मानत खाली बसलो. माझे दोन्ही गुडघे थडथड उडत होते. मला पडवीतली आज्जी आठवली.

अशा रीतीने मी रेल ट्रेलचा दुसऱ्या दिवसाचा टप्पा पहिल्या दिवशीच जवळजवळ पुरा केला. रेल्वेमार्गानेच.

वाशिंदला सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझी काळी झालेली बोटं, जाकिटाला चिकटलेलं गवत आणि गुडघ्याला लागलेलं ग्रीस शांतपणे पाहिलं. १८५५ चा विषय काढला नाही. नुसतं म्हणाल्या, "गाडीने आलात ते बरं केलंत." मी त्यांच्या हातात वालाच्या शेंगांची पिशवी दिली. जावई रिकाम्या हाताने आला नाही, एवढं तरी झालं. तिसरा दिवस मेहुण्याच्या मित्राच्या पिकअपमध्ये झाला. शहापूर, किन्हवली, सरळगाव, सगळी गावं ठरल्या क्रमाने आली. मी मागे सायकल धरून बसलो होतो.

घरी आलो तेव्हा सायंकाळचे ५.२५ झाले होते. बायकोने घड्याळाकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. तेवढ्यासाठी मी पिकअपवाल्याला कोपऱ्यावर वीस मिनिटं थांबायला लावलं होतं.

आता दुकानात लोक येतात. बॅगा घेऊन नव्हे, सात-बारा घेऊन. एकाने येऊन विचारलं, साहेब आहेत का? मी म्हटलं, साहेब नाहीत, मी आहे. तो म्हणाला, चालेल, तुमच्याकडेच द्यायचं आहे, आणि भावाच्या खाचराविषयी एक अर्ज माझ्यापुढे ठेवला. मी सगळ्यांना खरं सांगतो. ते हसून मान डोलावतात आणि जाताना कोरे कागद, स्टॅम्प पॅड, कार्बन असलं काहीतरी घेऊन जातात. डिसेंबरात माझी विक्री इतकी कधीच झाली नव्हती. भाच्याने फोनवर विचारलं, "मामा, ट्रेल किती किलोमीटर झाली?" मी वही चाळून सांगितलं, "ट्रेल नाही झाली. पण दोन फाटकं, एक भुयार आणि सातची गाडी मंजूर आहे."

सायकल पुन्हा माळ्यावर गेली. वेळापत्रक मात्र मी नव्याने काढलं, दुपारी गिऱ्हाईक नसताना, पट्टी लावून, दोन रकान्यांत, या वेळी दहीसुद्धा धरून. सगळ्या स्टेशनांना दोन मिनिटांचा थांबा ठेवला. पोटगावला तीन केला.

त्यामुळे पुढची सगळी स्टेशनं एकेक मिनिटाने मागे गेली. जाऊ देत. मुरबाडच्या गाडीला तेवढा उशीर चालेल.